यंत्राबरोबर माणूसही द्या

प्रति,
मा. कुलगुरू,
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड

विषय : हिंगोली जिल्ह्यासाठी जीवशास्त्राची सामायिक उपकरण-प्रयोगशाळा

महोदय,

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. गुरुत्वीय लहर येऊन गेली की या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही कितीतरी कमी फरक पडतो, आणि तोच फरक हे यंत्र टिपणार आहे. माणसाने बनवलेल्या सर्वांत नाजूक मोजयंत्रांपैकी एक हिंगोलीच्या काळ्या जमिनीवर येते आहे, याचा जिल्ह्यातल्या प्रत्येकाला अभिमान वाटतो.

त्याच जिल्ह्यात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुलगी आपल्या वडिलांच्या शेतातली हळद घेऊन आली आणि म्हणाली, ‘यात कर्क्युमिन किती आहे ते मला स्वतः मोजायचं आहे,’ तर तिने कोणत्या दारावर जायचे? तालुक्याच्या महाविद्यालयात, जिल्ह्याच्या गावी, की सुमारे ९० किलोमीटरवर विष्णुपुरीला आपल्या परिसरात? आणि गेली, तर यंत्रापुढे बसून ते चालवायला तिला कोण शिकवील? हा प्रश्न आपल्याला जाहीरपणे विचारण्यासाठी हे पत्र आहे.

हळदीचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी व्यापारी ढिगातले हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि भाव बोलतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ही नजर कमी लेखण्याचे कारण नाही. पण औषध आणि रंग बनवणाऱ्या कंपन्या हळद घेतात ती कर्क्युमिनच्या टक्क्यावर. मेघालयातल्या लाकाडोंग हळदीचे नाव देशभर झाले ते तिच्यातल्या जास्त कर्क्युमिनमुळे, आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हाही चर्चा झाली ती याच गुणाची. ‘वसमत हळद’ या नावाला २०२४ मध्ये मानांकन मिळाले. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातली कास्ती कोथिंबीर, बोरसुरी तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच यांनाही ते मिळाले. हे सगळे आपल्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातले. मानांकनाच्या कागदावर जे गुण लिहिले आहेत ते दर हंगामात, गावोगावच्या नमुन्यांत मोजून दाखवणे हे पुढचे काम आहे, आणि ते प्रयोगशाळेचे आहे.

कर्क्युमिन मोजण्याची गोष्ट वाटते तितकी दूरची नाही. हळदीची पूड अल्कोहोलमध्ये विरघळवायची, गाळून घ्यायची आणि ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात ती किती प्रकाश शोषते ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर बघायचे. एकूण पिवळ्या रंगद्रव्याचा चांगला अंदाज येतो. हे उपकरण महागड्या यंत्रांत मोडत नाही, आणि प्रयोग दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखा आहे. त्यापुढे मात्र अडते. हळदीचा पिवळेपणा तीन भावंड-संयुगांतून येतो. कर्क्युमिन, डीमेथॉक्सिकर्क्युमिन आणि बिसडीमेथॉक्सिकर्क्युमिन ही ती तिघे. स्पेक्ट्रोफोटोमीटर त्यांची बेरीज सांगतो. त्यांना वेगळे करून मोजायचे तर एचपीएलसी हे यंत्र लागते. एचपीएलसीला अतिशुद्ध द्रावके लागतात, दर काही शे नमुन्यांनंतर झिजणारा कॉलम लागतो, आणि पंपात हवेचा बुडबुडा अडकला की तो ओळखणारा माणूस लागतो. त्या माणसाबद्दल पुढे सविस्तर.

त्याआधी हळदीचे दुसरे दुखणे, कंदकूज. पावसाळ्यात हळदीचे वाफे पिवळे पडू लागतात, रोप ओढले की अलगद हातात येते, खाली गड्डा मऊ आणि दुर्गंधीयुक्त झालेला असतो. शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो आणि मिळेल त्या औषधाची आळवणी करतो. पण कूज कुणामुळे झाली? बहुतेक वेळा पिथियम हा बुरशीसदृश जीव असतो, कधी फ्युजॅरियम ही बुरशी, कधी जिवाणू. कंदमाशीच्या अळ्याही सडलेल्या गड्ड्यात सापडतात. त्या आधी येऊन कूज सुरू करतात की कूज झाल्यावर येतात, यावर अभ्यासकांमध्ये जुना वाद आहे. औषध कोणते घालायचे हे या उत्तरावर ठरते. जिवाणूवर बुरशीनाशकाचा उपयोग नाही. चांगला सूक्ष्मदर्शक, ऑटोक्लेव्ह, लॅमिनार कॅबिनेट, इन्क्युबेटर आणि डीएनएच्या प्रती काढणारे एक साधे पीसीआर यंत्र एवढ्यावर दोन-तीन विद्यार्थी एका पावसाळ्यात कुरुंदा ते कळमनुरी पट्ट्यातले नमुने वेगळे करून दाखवू शकतील. पदवीच्या मुलांना जमेल असा, गावाला उपयोगी असा आणि जगातल्या कोणत्याही नियतकालिकाला पाठवता येईल असा हा प्रकल्प आहे.

आपल्या शेजारघरच्या वस्तूंवर उच्च दर्जाचे जीवरसायनशास्त्र करता येते हे महाराष्ट्राने पूर्वीच पाहिले आहे. १९३९ मध्ये केंब्रिजहून डॉक्टरेट मिळवून आलेल्या कमला सोहोनींनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना हाताशी धरून नीरेचा आणि कडधान्यांचा अभ्यास केला. विषय झोपडीतला, पद्धत केंब्रिजची.

आता उपकरणांच्या हालअपेष्टांविषयी. ग्रामीण महाराष्ट्रात विज्ञान शिकवणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला विचारा, तो हीच यादी सांगेल. पीएच मीटर ‘बिघडला’ म्हणून कपाटात गेलेला असतो. त्याचे कारण बहुधा इतकेच की इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवायला कोणी सांगितले नव्हते, तो कोरडा पडला. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर पावसाळ्यात बुरशीचे जाळे चढते, कारण कपाटात सिलिका जेलची पुडी नाही की रात्रभर जळणारा छोटा बल्ब नाही. बोअरच्या जड पाण्याने डिस्टिलेशनच्या काचेत क्षारांचे थर बसतात आणि एक दिवस हीटर जळतो. उणे ८० अंशांचा फ्रीझर मे महिन्यात, बाहेर ४३ अंश असताना, वीज गेलेल्या खोलीत काही तास कसाबसा तग धरतो. त्यानंतर वर्षभराचे नमुने संपतात. मायक्रोपिपेट वर्षानुवर्षे तपासलेले नसते, मग त्यातून निघालेल्या प्रत्येक आकड्यावर प्रश्नचिन्ह.

यातला एकही बिघाड मोठा नाही. एक इलेक्ट्रोड, एक फ्यूज, एक सेवा-भेट. पण त्या सेवा-भेटीसाठी कोटेशन मागवायचे, मंजुरी घ्यायची, अभियंता पुण्याहून किंवा हैदराबादहून बोलवायचा, त्याच्या प्रवासाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे ठरवायचे, आणि तोवर परीक्षा येते. अनुदान मार्चअखेर संपवायचे म्हणून घाईने घेतलेले यंत्र डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदले जाते, उपयोगिता प्रमाणपत्र जाते, नॅकच्या समितीला ते झाकण काढून दाखवले जाते. पुढे निर्लेखनापर्यंत त्याची कोणी विचारपूस करत नाही. यात कुण्या एका महाविद्यालयाचा दोष नाही. ट्रॅक्टर घेणारा शेतकरी डिझेलचा आणि चालकाचा हिशेब आधी करतो. आपल्या योजना मात्र यंत्रासाठी पैसे देतात आणि ते चालवण्यासाठी क्वचितच. दोष या मांडणीत आहे.

त्यात करांची भर पडली. सार्वजनिक संशोधन संस्था आणि विद्यापीठांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटीची सवलत होती. ती १८ जुलै २०२२ पासून काढून घेतली गेली आणि दर १२ ते १८ टक्क्यांवर गेले. २५ लाखांच्या यंत्रावर १८ टक्क्यांनी हिशेब केला, तर सव्वा लाखाचा कर साडेचार लाखांचा झाला. वरचे सव्वातीन लाख म्हणजे एका प्रशिक्षित तंत्रज्ञाचे कित्येक महिन्यांचे वेतन.

म्हणून या पत्राची मुख्य मागणी यंत्राची नाही. प्रत्येक यंत्रामागे एक प्रशिक्षित, कायम नेमणुकीचा माणूस आणि पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा, ही ती मागणी आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारा, जूनमध्ये येईल की नाही हे मार्चमध्ये माहीत नसलेला तरुण पीसीआरची जबाबदारी घेऊ शकत नाही. घेतो आहे तिथे तो स्वतःच्या हिमतीवर घेतो आहे, आणि त्याचे ऋण विद्यापीठाने मानले पाहिजे.

माणसे तयार असली तर काय होते हे आपल्या विद्यापीठाने २०२० मध्ये दाखवले. कोविडच्या पहिल्या महिन्यांत हिंगोलीचे नमुने तपासायला जिल्ह्याबाहेर जात होते. अहवालाची वाट पाहत माणसे विलगीकरणात पडून राहत. त्या वर्षी विद्यापीठाच्या परिसरात आरटी-पीसीआर चाचणीची प्रयोगशाळा सुरू झाली. ती शक्य झाली, कारण जीवशास्त्र संकुलात आरएनए वेगळा करणे म्हणजे काय, नमुना दूषित कसा होतो, पिपेट कसे धरायचे हे जाणणारे शिक्षक आणि संशोधक आधीपासून होते. यंत्रे काही आठवड्यांत आणता आली. ते हात तयार व्हायला मात्र त्याआधीची कित्येक वर्षे लागली होती.

त्याच वर्षी जूनमध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. हिंगोलीच्या दृष्टीने लोणार हाकेच्या अंतरावर. पण पाण्याचे नमुने गेले नागपूरच्या नीरीला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला. खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, असे पुण्याहून उत्तर आले. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या आघारकर संस्थेने हे काम करावे यात आनंदच आहे. तरीही मराठवाड्यातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाटले असेल की हा प्रश्न आपला होता.

अशा सरोवरांतून आणि झऱ्यांतून काय निघू शकते याची एक गोष्ट जगभर सांगितली जाते. १९६६ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे थॉमस ब्रॉक यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांतले जीव शोधत होते. त्यांच्याबरोबर हडसन फ्रीझ नावाचा पदवीचा विद्यार्थी होता. त्याने एका झऱ्यातून आणलेल्या नमुन्यातून थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. या जिवाणूचे विकर उष्णतेने मोडत नाही. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली, पण प्रत्येक फेरीत तापवल्यावर जुने विकर निकामी होई. पीसीआर यंत्रात सहज चालू लागले ते या जिवाणूच्या टॅक पॉलिमरेज या विकरामुळे. कोविडची चाचणीही त्याच तंत्रावर उभी होती. पदवीच्या पोराला इन्क्युबेटर वापरू देणारे, चुका करू देणारे एक खाते इंडियानात होते, एवढेच या गोष्टीतून हिंगोलीने घ्यायचे आहे.

यावर आक्षेप येतील. हळदीवर संशोधन हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे काम आहे, तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, गोळेगावला कृषी महाविद्यालय आहे, वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन केंद्रासाठी राज्य सरकारने १०० कोटी जाहीर केले आहेत. मग आणखी एक प्रयोगशाळा कशाला? आक्षेप बिनबुडाचा नाही. पण त्या केंद्रांत उद्या काम कोण करणार? वसमतला एचपीएलसी बसली तर तिच्यासमोर बसणारा तरुण सेनगाव किंवा औंढ्याच्या महाविद्यालयातून यावा असे वाटत असेल, तर त्याने पदवीच्या वर्षांतच असे यंत्र हाताळलेले असले पाहिजे. म्हणून या संस्थांशी करार करून यंत्रे वाटून घ्यावीत. महाग यंत्र वसमतला असेल तर आठवड्यातला एक दिवस विद्यार्थ्यांचा ठेवावा. २०२४ मध्ये हिंगोलीत सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागालाही या करारात घ्यावे.

वाटून वापरण्याची कल्पना नवी नाही, आणि दुधाळ्याला जे येते आहे ते तिचेच फळ आहे. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात आयुका स्थापन केली. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. एकेका विद्यापीठाला दुर्बिणी आणि संगणक परवडणार नाहीत, तर सगळ्यांसाठी एक केंद्र करावे आणि लहान गावच्या महाविद्यालयातल्या शिक्षकालाही तिथे येऊन काम करण्याचा हक्क असावा, हा तिच्यामागचा विचार. व्हिजिटिंग असोसिएट म्हणून देशभरचे शिक्षक तिथे जाऊन राहतात आणि परत येऊन आपल्या वर्गात शिकवतात. लायगो-इंडियाच्या उभारणीत आयुका प्रमुख भागीदार आहे. खगोलशास्त्राला जे जमले ते चार जिल्ह्यांच्या आवाक्यात जीवशास्त्राला जमवता येईल. आपले विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे त्याचे कार्यक्षेत्र. हिंगोलीत विद्यापीठाचे स्वतःचे न्यू मॉडेल डिग्री कॉलेज आहे. सामायिक प्रयोगशाळा तिथे बसू शकते.

केंद्राची धोरणेही या बाजूने आहेत. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणे नोंदवता येतात आणि बाहेरच्या संशोधकाला वेळ आरक्षित करता येते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये ‘श्रीमान’ या नावाने उपकरणे वाटून वापरण्याची आणि त्यांच्या देखभालीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती मोठ्या संस्थांपुरती राहू नयेत.

सुरुवात लहान असावी. कॅमेरा लावलेले चार चांगले सूक्ष्मदर्शक, एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, पीसीआर आणि जेलची सोय, सेंट्रिफ्यूज, लॅमिनार, ऑटोक्लेव्ह, दोन इन्क्युबेटर, शुद्ध पाण्याची व्यवस्था, आणि या सगळ्याला पुरेल असा वीज-साठा. दोन तंत्रज्ञ कायम नेमणुकीवर. खरेदीच्या आदेशातच पाच वर्षांची देखभाल धरलेली. विद्यार्थ्यांना नाममात्र शुल्क, शेतकरी-उत्पादक कंपन्यांना माफक, व्यापाऱ्यांना आणि उद्योगांना बाजारभावाने. आरक्षणाचे वेळापत्रक सगळ्यांना दिसेल असे. एचपीएलसीचा विचार दुसऱ्या टप्प्यात, पहिला टप्पा दोन वर्षे नीट चालल्यावर. ही शिस्त पाळली नाही तर महाग यंत्र आणखी एका कपाटात जाईल.

वेळ फार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. त्या तुकडीतली जी मुले संशोधनासह ऑनर्स घेतील ती २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला असतील, आणि त्यांना खरा संशोधन-प्रकल्प करावा लागेल. उपकरणांविना तो प्रकल्प इंटरनेटवरून उतरवलेल्या पानांचा होईल. हिंगोलीच्या मुलांच्या नशिबी तो येऊ नये अशी कळकळीची विनंती आहे.

निधीची जुळवाजुळव होईपर्यंत एक काम आजच करता येईल. चारही जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांना परिपत्रक काढून जीवशास्त्राच्या प्रत्येक विभागाकडून चार रकान्यांचा तक्ता मागवावा : कोणते उपकरण, कोणत्या वर्षी घेतले, आज चालू आहे का, आणि ते कोण चालवते. ‘चालू नाही’ असे लिहिणाऱ्याला जाब विचारला जाणार नाही, हे त्याच परिपत्रकात स्पष्ट लिहावे, म्हणजे माहिती खरी येईल. तक्ता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावा. इलेक्ट्रोड, बल्ब, फ्यूज एवढ्यावर सुरू होणारी यंत्रे किती, ते लगेच कळेल आणि एक फिरता तंत्रज्ञ ती एका सत्रात उठवू शकेल. परिपत्रक दिवाळीपूर्वी निघाले, तर फेब्रुवारीत हळदीची काढणी सुरू होण्याआधी हिंगोलीच्या पाचही तालुक्यांत कुठला स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू आहे हे विद्यार्थ्यांना माहीत असेल, आणि या हंगामाचे नमुने तिथे नेता येतील.

कळावे.